गाईच्या वाटणीचा उंडा

त्या सकाळी तांबडी मान वाकडी करून परसात उभी होती, आणि ते अक्कांच्या आधी मला दिसलं. तेवढंच माझं नशीब.

तांबडी म्हणजे माझी कोंबडी. अंगानं विटकरीसारखी, आणि मान उघडी, मानेवर एक पीस नाही. रोज डालगं उचललं की पहिली तीच बाहेर यायची आणि दाणा समजून माझ्या जोडव्यांना चोच मारायची. त्या दिवशी ती बाहेर आली, दोन पावलं चालली आणि थांबली. मान एकदा इकडं पिळली, एकदा तिकडं. मग चोच वर करून आभाळाकडं बघत राहिली. पिसं फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी ज्वारीच्या कण्या टाकल्या. बाकीच्या दोघी धावल्या, ही जागची हलली नाही.

असं मान पिळणं मी लहानपणी पाहिलं होतं. मोठ्या दुष्काळात माझी शाळा चौथीतच सुटली आणि मी आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागले. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावात मानमोडी आली. कोंबड्यांचा रोग तो. मान मोडल्यासारखी वाकडी होते, हिरवं हगतात, आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं. आमच्याकडं अकरा होत्या. वाचलं ते उघड्या मानेचं एक पिल्लू. त्याच्याच वंशातली ही तांबडी. मी लातूरला निघाले तेव्हा आईनं तिला माझ्या मांडीवर ठेवलं. "तिकडं तुझ्या वळकीचं कुनी न्हाई," आई म्हणाली, "हिच्यासंगं बोलत जा." देगलूरपासून लातूरपर्यंत एस.टी.त ती माझ्या मांडीवर बसून आली आणि कंडक्टरकडं अशी बघत होती, जशी काही तिचंही तिकीट काढलंय.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. आमच्या ह्यांना शिपायाच्या नोकरीवर नांदेडहून इकडं पाठवलं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत, पाट्यांचा रंग ओला, आणि बाहेरून आलेला जो तो खोली शोधत फिरतोय. त्यात पावसानं दडी मारलेली. खोलीला खिडकी आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. पाणी आहे का, एवढंच. आम्ही दोन खोल्या पाण्यापायी सोडल्या आणि मग ही मिळाली. एका लिंगायत व्यापाऱ्याचं घर, मागं परस, परसाच्या कडेला आमची खोली. आणि परसात आड. त्या वर्षीही त्यात पाणी होतं.

घरात दोघंच, म्हातारा-म्हातारी. त्यांना सगळी गल्ली अप्पा आणि अक्का म्हणायची. अप्पांचं बाजारात अडत दुकान. घर सांभाळायच्या अक्का. खोली दाखवताना त्यांनी माझ्या हातातल्या डालग्याकडं बघितलं होतं.

"कोंबड्या हायत व्हय?"

"तीनच हायत, अक्का."

"हे लिंगायताचं घर हाय, पोरी. अंडं ह्या कवाडाच्या आत फोडायचं न्हाई. आन् एक जरी रोगानं मेली, तर त्याच दिशी बिऱ्हाड उचलायचं. आडात काय पडलं-बिडलं तर आम्ही काय प्यावं?"

मी हो हो म्हटलं. त्या दिवशी मी कशालाही हो म्हटलं असतं. अंडी मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या चहावाल्याला द्यायचे, तो मला चहापत्ती द्यायचा. कोंबड्यांना मी अक्कांच्या नजरेपासून लांब, रिकाम्या गोठ्याच्या बाजूला ठेवायचे. गोठा रिकामा होता, कारण अक्कांची देवणी गाय चारा नाही म्हणून रेणापूरला त्यांच्या भावाकडं पाठवली होती.

म्हणजे त्या सकाळी माझ्यासमोर काय होतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. तांबडी मेली तर आईनं दिलेला जीव गेला. आणि तांबडी ह्या परसात रोगानं मेली तर खोलीही गेली, आडही गेला.

मी तिला डालग्यात घातलं, वरून जुन्या लुगड्याचा तुकडा झाकला आणि डालगं कमरेवर घेऊन निघाले. अक्का नेमक्या पूजा आटपून दारात आल्या. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी.

"कुठं गं सकाळच्यापारी?"

"दळन घिऊन चालले, अक्का."

"डालग्यात दळन?"

मी लुगड्याचा तुकडा आणखी खाली ओढला. अक्का परसात डोकावल्या. "तांबडी दिसंना ती आज?"

कोंबड्यांकडं ढुंकूनही न बघणाऱ्या बाईला आजच तांबडी कशी आठवली, असं वाटलं. "आसंल तिकडं कुठं तरी," म्हटलं आणि जवळजवळ पळतच गल्ली गाठली.

जनावरांचा दवाखाना आमच्यापासून बराच लांब होता. तिथं पोचले तर मैदानात गुरंच गुरं. दुष्काळानं वाळलेली, बसली की उठवावी लागणारी. मध्ये लाकडी खोड्यात एक बैल अडकवलेला, आणि डॉक्टर त्याच्या शेपटीकडून काही तरी करत होते. मी एका कडेला उभी राहिले. बैलाचा मालक माझ्याकडं बघून म्हणाला, "डालग्यात काय हाय, बाई?"

"कोंबडी."

"कोंबडी घिऊन दवाखान्यात?" त्यानं आजूबाजूला बघितलं, लोक ऐकतायत याची खात्री करून घेतली. "कोंबडीला एकच औषद आसतंय. कांदा-खोबरं भाजायचं, वाटायचं..."

सगळे हसले. खरं सांगायचं तर मीही थोडी हसले, रडायला येऊ नये म्हणून. एक म्हातारबाबा तेवढे म्हणाले, "आसू दे की गा. तिचा बी जीवच हाय."

कंपाउंडर आला आणि त्यानं हातानंच मला मागं सारलं. "लस टोचायच्या दिवशी या. आज कोंबड्या-बिंबड्या न्हाईत."

"मानमोडी हाय वाटतं हो," मी म्हटलं. ते शब्द तोंडातून निघाले आणि मला खरंच रडू फुटलं. ते ऐकून डॉक्टरांनीच मान वळवली. तरुण होते. नव्या जिल्ह्यासाठी नवेच आलेले, बोलण्यावरून इकडचे वाटत नव्हते. त्यांनी हात धुतले. किती थोड्या पाण्यात धुतले ते मला अजून आठवतं, एका तांब्यात, कोपरापर्यंत. मग म्हणाले, "आणा इकडे."

तांबडीला त्यांनी बगलेत धरलं. सराईत हात. डोळे बघितले, मागं शेपटीखाली बघितलं. मग उघड्या मानेच्या तळाशी, छातीच्या वर, बोटं लावली. तिथं मोसंबीएवढा फुगवटा होता. तो मला दिसला नव्हता असं नाही. दिसला होता, पण मला वाटलं होतं, पोट भरलंय.

"हिला काय खायला घालता?"

"ज्वारीच्या कन्या. कधी तुरीची चुनी."

"आणखी?"

"आनखी काय आसनार साहेब?"

त्यांनी अंगठ्यानं तो फुगवटा दाबला आणि अंगठा काढला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. मग त्यांनी चोच उघडून वास घेतला, करंगळीनं आतून काही तरी काढलं आणि दोन बोटांत चोळलं.

"बाई, ही कणीक आहे. गव्हाची, कच्ची. आणि गुळाचा वास येतोय. ही तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं खाते."

"आमच्या घरात गहू सनालाच आसतो साहेब."

"मग कुणाच्या तरी घरात रोज आहे. दाणे साठतात ना, ती ही गळ्याची पिशवी. कणीक आत फुगली, आंबली आणि अडकली. तो गोळा खाली ढकलायला ही मान पिळतेय."

"म्हंजी मानमोडी न्हाई?"

"नाही."

मी तिथंच मातीत बसले. तो कांदा-खोबरंवाला म्हणाला, "सुटलीस की गं बाई," आणि त्यानं आपल्या घागरीतलं घोटभर पाणी मला दिलं. त्या वर्षी परक्याला पाणी देणं म्हणजे काय, ते त्या वर्षी जगलेल्यालाच कळेल.

पण पुरती सुटका नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, चमचाभर करडीचं तेल पाजा, थोड्या वेळानं कोमट पाणी, आणि घटकेघटकेला बोटांनी हा गोळा हळूहळू चोळा, मोडा. दिवसभर. उलटी धरू नका, श्वासनळीत जाईल. खायला काही नाही. उद्या सकाळपर्यंत पिशवी रिकामी झाली तर उत्तम. नाही तर चीर देऊन काढावं लागेल. "वय झालंय हिचं," ते म्हणाले. "सोसेल का, ते मी आज सांगू शकत नाही." त्यांनी चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं. चौथीपर्यंतची शाळा अशा वेळी कामी येते. अक्षर अन् अक्षर मी वाटेत वाचलं.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र मनातून जाईना. कणीक. गूळ. आमच्या परसाला लागून रोज गव्हाची कणीक मळणारं घर एकच होतं. आणि गाय होती तेव्हा रोज सकाळी अक्का काय करायच्या, ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. कणकेचा उंडा, त्यात गूळ. आधी गाईच्या तोंडात, मग आपल्या ताटाला हात.

आता सांगायचं कसं? घरमालकिणीला, आईच्या वयाच्या बाईला, तुम्हीच माझी कोंबडी आजारी पाडली असं भाडेकरणीनं म्हणायचं? आणि न सांगावं, तर उद्या त्या पुन्हा उंडा घालणार. सगळ्या वाटेनं मी तांबडीलाच विचारत होते. ती डालग्यात मान पिळत होती.

अक्का गोठ्यापाशीच उभ्या होत्या. वाट बघत होत्या म्हणा ना.

"झालं का दळन?"

"दवाखान्यात गेल्ते, अक्का." एकदा खोटं बोलले होते, दुसऱ्यांदा जमलं नाही. "मानमोडी न्हाई म्हनले डाक्टर. रोग न्हाई. गळ्यात कनीक अडकलीय."

अक्कांनी डालग्यात वाकून बघितलं.

"गूळ बी हाय म्हनले."

त्या खाली ओट्यावर बसल्या. पदर उगीच सारखा केला. मग रिकाम्या दावणीकडं बघत म्हणाल्या, "अप्पाला सांगू नगंस."

"न्हाई सांगत."

"लगीन होऊन ह्या घरात आले तवापास्नं गाईच्या तोंडात घातल्याबिगर मी जेवले न्हाई. गाय गेली रेणापूरला. दुसऱ्या दिशी उंडा करून हितं आले, तर दावं रिकामं. घास माघारी कसा न्यायचा? ही तुझी तांबडी दावणीत बसली होती. माझ्याकडं बघून राहिली." त्या थांबल्या. "मुक्या जिवाच्या तोंडात गेलं म्हंजी पोचलं, आसं वाटलं मला. पयल्यांदा चिमूटभरच दिला. मग ती रोज वाट बघाय लागली."

त्यांच्या तोंडून 'बघून राहिली' ऐकून मला गंमत वाटली. ते आमचं नांदेडकडचं बोलणं. मी तसं बोलले की त्या नेहमी मला हसायच्या.

"आता काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. दिवसभर चोळायचं, हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर डाळमिल आली. मी तिथं डाळ निवडायला जायचे. तिथं एक दिवस चुकलं की दुसऱ्या दिवशी आपल्या जागी दुसरी बाई बसलेली असायची. त्या वर्षी काम मागणाऱ्या बायांना काय तोटा? मी तसं बोलून दाखवलं, मदत मागायची म्हणून नाही, नुसतं बोलून दाखवलं.

अक्कांनी लिंगाची डबी पदराखाली नीट झाकून घेतली, पोतं अंथरलं आणि हात पुढं केले. "आन् तिला इकडं."

"अक्का, तुमी?"

"घालताना हात लागला न्हाई व्हय? आन्. बोटं कशी फिरवायची तेवढं दाखव."

मी तेल पाजलं, बोटं दाखवली आणि मिलला गेले. त्या दिवशी मी डाळीतले खडे वेचले की खड्यांतली डाळ, मला ठाऊक नाही.

दिवस कलताना परत आले तर अक्का तिथंच. त्याच पोत्यावर, तांबडी मांडीत, दोन बोटं गळ्याच्या पिशवीवर फिरतायत. ओठ कोरडे पडलेले.

"अक्का, जेवला न्हाई?"

"कोंबडीला धरल्यावर आंगुळीबिगर कसं जेवू?"

"मग आंगुळ करायची की."

"आन् पुन्ना हिला धरलं की पुन्ना आंगुळ. आडात पानी किती हाय, बघितलंस का? दोन हात. म्हनलं, एकदा बसले तर एकदाच उठंन." त्या बोलत होत्या आणि बोटं थांबत नव्हती. "पानी बी तिलाच पाजलं. मी न्हाई घेतलं."

मी खाली बसून त्यांच्या पायाला हात लावला, तशा त्या खेकसल्या, "अगं, कोंबडी दचकंल."

"अप्पा जेवाय आले आसतील की?"

"आले. म्हनलं, गुडघा धरलाय, उठवत न्हाई, हातानं वाढून घ्या. हितवर आले बघायला. मी हिला पदराखाली घातली. तर ही मेली नेमकी तवाच कुरकुरली."

"मग?"

"अप्पा म्हनले, तुझा गुडघा लई बोलाय लागलाय. त्याला बी थोडं तेल पाज. आन् गेले दुकानाला."

आम्ही दोघी किती तरी वेळ हसलो. अक्का पदर तोंडाला लावून. तांबडी आमच्याकडं आळीपाळीनं बघत होती, आणि माझ्या लक्षात आलं की ती मान पिळत नाहीये. नुसती बघतेय. मी बोट लावलं. गोळा होता, पण सकाळसारखा खड्डा राहत नव्हता. मऊ झाला होता, बोटाखाली हलत होता. मी तिला घेतलं तेव्हा कुठं अक्का उठल्या, गुडघे खरंच धरलेले. आडावरून एकच बादली काढली त्यांनी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी डालगं उचललं. भीती होतीच. तांबडी खाली घाण करून बसली होती, आणि तेवढी घाण बघून मला जेवढा आनंद झाला तेवढा कधी कशानं झाला नसेल. गळ्याची पिशवी रिकाम्या चंचीसारखी सैल लोंबत होती. ती उठली, अंग झाडलं, आणि माझ्या जोडव्यावर चोच मारली.

मी दवाखान्यात सांगायला गेले. डॉक्टरांनी पिशवी चाचपली आणि म्हणाले, "कुणी चोळलं एवढं?" मी म्हटलं, घरच्या म्हाताऱ्या बाईनं. लसीच्या दिवशी तिघींना घेऊन या, असं त्यांनी बजावलं. पुढं नेलंही मी. तिघींनाही लस मिळाली, आणि मानमोडीची भीती माझ्या मनातून तेव्हापासून गेली ती गेलीच.

परत आले तर अक्का ओट्यावर बसलेल्या. पुढ्यात दोन कोरी पोस्टकार्डं, अप्पांच्या दुकानातली.

"तुला लिवाय येतंय म्हनं. एक तुझ्या आईला लिव. एक माझ्या भावाला."

आईला मी लिहिलं की तांबडी बरी आहे, आम्ही बरे आहोत, खोली चांगली आहे, आडाला पाणी आहे. तिला ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागणार, म्हणून बाकीचं लिहिलं नाही. मग दुसरं कार्ड घेतलं.

"काय लिवू, अक्का?"

तांबडी दावणीच्या कडेवर चढून बसली होती आणि अक्कांच्या हाताकडं बघत होती. हातात मूठभर ज्वारीच्या कण्या होत्या, उंडा नव्हता. त्यांनी त्या दावणीत टाकल्या.

"लिव, हिकडं सगळं बरं हाय," अक्का म्हणाल्या. "आन् गाईला रोज काय तरी गोड देत जा म्हनावं. तिला सवय हाय."